तीन टोले

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

थोरले,

ऑफिसनं माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे, म्हणून हे पत्र. खुशालीसाठी नाही. ती वहिनी मला रोज सांगते. फोनवर बोलता आलं असतं, पण तू रडली असतीस आणि मी ओरडले असते. कागदावर दोन्ही जमत नाही, तेवढंच बरं.

धाकटी गेल्या शुक्रवारी घळीत पाय मोडून पडली आणि शनिवारी सकाळी नऊपर्यंत तिथेच राहिली. कारण तिचा बिल्ला, नंबर अठरा, वर माझ्या फळीवर टांगलेला होता. माणूस खाली आणि बिल्ला वर. हे कसं झालं, ते मला एकवीस तारखेच्या आत सही करून द्यायचं आहे.

पद्धत तुला लहानपणापासून माहीत आहे, तरी लिहिते. हे पत्र उद्या तिसऱ्या माणसाला दाखवायची वेळ आली तर त्यालाही समजायला हवं. घळीत उतरणारा प्रत्येक जण चौकीवरून एक पितळी बिल्ला घेतो, गळ्यात घालतो, आणि वर आल्यावर स्वतःच्या हातानं त्याच नंबरच्या खिळ्याला लावतो. नवऱ्यानं बायकोचा लावायचा नाही, आईनं मुलाचा लावायचा नाही. साडेपाचला मी फळी बघते. सगळे खिळे भरलेले असले की घंटेचे तीन टोले देते आणि कुलूप लावते. एकही खिळा रिकामा असला तर घंटा थांबवत नाही. खालच्या वस्तीतली माणसं स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत वाजवत राहते. अकरा वर्षांत चार वेळा वाजवली. चारही वेळा माणूस मिळाला.

त्या दिवशी सात बिल्ले गेले होते. सतरा तुझा, अठरा तिचा. साडेपाचला सातही खिळ्यांवर होते. मी तीन टोले दिले आणि घरी गेले.

आता सरळ विचारते, सरळ उत्तर दे. अठरा नंबरचा बिल्ला वर कोणी आणला? तू का? हो किंवा नाही, एवढंच लिही. कामाच्या बाबतीत मी कोणाची आत्या नाही, हे तुला माहीत आहे.

वहिनीला सांग, दवाखान्यात रात्री बसायला मी शनिवार-रविवार सोडून कधीही येईन.

आत्या


मंगळवार, ७ ऑक्टोबर

ती. आत्या,

पत्र मिळालं. काल चष्म्याच्या दुकानात तीन भिंगं चुकीच्या नंबरची घासली. मालक म्हणाले, "बाई, गिऱ्हाईकाला भिंत दिसायची नाही आणि बिल आमच्या नावावर फाडेल. घरी जा." घरी गेले नाही, दवाखान्यात गेले.

पायात दोन सळया घातल्या आहेत. चालेल, म्हणतात डॉक्टर. पाण्यात कधी उतरेल ते सांगत नाहीत. तलावावरच्या तिच्या जागेवर दुसरी मुलगी पोहायला शिकवायला आली आहे. धाकटीच्या वर्गातली पोरं त्या मुलीला सांगतात म्हणे, "आमच्या बाई असं नाही शिकवत." हे आईनं धाकटीला सांगितलं तेव्हा ती हसली. आईकडे बघून. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते.

ती माझ्याशी बोलत नाही, आत्या. अकरा दिवस झाले. पाणी मागते तेही आईकडे, आई खाली औषधाला गेली असली तर तहानलेली राहते. परवा मीच पेला पुढे केला. घेतला, प्यायली, आणि पेला टेबलावर ठेवला. माझ्या हातात परत दिला नाही.

काल आईला तिनं एक गोष्ट सांगितली. मी दाराबाहेर होते, पण ऐकू यावं इतक्या मोठ्यानं सांगितली. पडल्यावर ती पहिला दीड तास घाबरली नव्हती. साडेपाचला घंटा वाजेल आणि वाजतच राहील, हे तिला माहीत होतं. घंटा वाजली. तिनं मोजलं. एक, दोन, तीन. मग ती चौथ्या टोल्याची वाट बघत राहिली.

तू विचारतेस म्हणून लिहिते. बिल्ला माझ्याकडे होता, हे खरं आहे. पोहताना गळ्यात खणखणतो, दातांवर आपटतो, म्हणून तिनं काढून माझ्याकडे दिला होता. मी तो वर आणला, हेही खरं आहे. पुढचं तुला माहीतच आहे.

थोरली


शुक्रवार, १० ऑक्टोबर

थोरले,

खरं लिहिलंस, बरं केलंस. निदान आडवळणं घेतली नाहीस. खुलाशाचा मसुदा केला आहे, त्यातलं मुख्य वाक्य असं: "बिल्ला क्र. १८ संबंधित व्यक्तीच्या बहिणीने वर आणून परस्पर खिळ्यास लावला. चौकीदाराने फळी तपासली असता ती पूर्ण आढळली." तुझं नाव घातलेलं नाही, नातं घातलं आहे. नातं घालणं भाग आहे.

आता ऑफिसचं बाजूला ठेवून बोलते. तुझ्यासारखी मुलगी हे करते कशी? पाव नंबराचा फरक डोळ्यांनी ओळखणारी तू. दोन बिल्ले दोन खिळ्यांना लावताना तुझ्या मनात आलं नाही की यातला एक माणूस इथे उभा नाही? भांडला होतात, हे वहिनीकडून कळलं. भांडा. मी आणि तुझा बाप एका घरात राहून चौदा महिने बोललो नव्हतो. पण त्या चौदा महिन्यांतही तो घरी आला का नाही, हे बघूनच मी दार लावत असे.

काल गुरुवार, घळ बंद असते. मी खाली उतरून आले. तीन वर्षांत डोहापर्यंत गेले नव्हते. गुडघे अर्ध्या वाटेवर धरायला लावलेल्या साखळीपर्यंतच परवानगी देतात. काल विचारलं नाही त्यांना. बसवत नव्हतं. बसलं की बिल्ले मोजत सुटते. बुधवारी सहा वेळा मोजले. चाळीसचे चाळीसच भरतात, तरी पुन्हा उठते.

पहिल्या दोनशे पायऱ्या नीट आहेत. मग दोन्हीकडचे कडे जवळ यायला लागतात आणि आकाशाची पट्टी उरते. साखळीच्या टप्प्यावर खडक इतका गुळगुळीत झालाय की त्यात चेहरा बघावा. तिथून पुढे पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं, आणि प्रत्येक वळणावर वाटतं आलाच धबधबा. सात वळणं फसवतात. आठव्याला तो अंगावरच येतो. खाली डोह, मधोमध काळा, काठाला बाटलीच्या काचेसारखा. ऊन तिथे दुपारी दोन तास असतं. मी पोचले तेव्हा निघून गेलं होतं.

ती जिथे सापडली ती जागा चौकीशेजारच्या चहाच्या टपरीवाल्यानं मला सांगितली होती. पाण्यापासून बावीस पावलं. मोडक्या पायानं ती बावीस पावलं सरपटत वाटेपर्यंत आली, कारण शोधणारे वाटेनं येणार, हे तिला माहीत होतं. तिथे उभी राहून मी घड्याळ बघितलं आणि वर निघाले. डोहापासून चौकीपर्यंत मला एक तास दहा मिनिटं लागली. तुला पाऊण तास लागला असेल. पाऊण तासात राग उतरतो, थोरले. बिल्ला लावताना तू रागात नव्हतीस. मग काय होतीस?

मसुदा अठरा तारखेला पक्का करेन. काही सांगायचं असेल तर त्याआधी सांग.

आत्या


सोमवार, १३ ऑक्टोबर

आत्या,

काय होते, ते सांगते.

मी कंटाळलेली होते. धाकटीनं डोहाच्या काठावर, अर्धी पाण्यात असताना, मला सांगितलं की तिला समुद्रावर जीवरक्षकाची नोकरी मिळाली आहे आणि ती महिन्याभरात जाणार. इथून दोन दिवसांचा प्रवास. मी म्हटलं, "आणि आई?" ती म्हणाली, "तू आहेस की." आत्या, 'तू आहेस की' हे मी बाबांच्या आजारपणात ऐकलं, घर बदलताना ऐकलं, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला ऐकलं. मी म्हटलं, "मी नसते तर?" ती म्हणाली, "पण तू असतेसच. तुला दुसरं काही जमत नाही." आणि सूर मारला. मी कपडे झटकले आणि निघाले. बिल्ला खिशात राहिला. सातव्या वळणाला हाताला लागला. परत फिरायला हवं होतं. नाही फिरले. म्हटलं, येऊ दे ओरडा खाऊन, आत्या झाडेल चांगली, बिल्ला कुठाय म्हणून.

म्हणजे बघ, तू तिला झाडशील हे मी गृहीतच धरलं होतं.

मी वर आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि तू धरणवाल्याशी फोनवर बोलत होतीस. रोजचा पाण्याचा आकडा लिहून घेत होतीस. रिसीव्हर उजव्या कानाला, पेन्सिल उजव्या हातात, मान वाकडी. तू म्हणालीस, "बोला, किती सोडताय?" आणि डावा हात माझ्यापुढे केलास. मी दोन्ही बिल्ले त्या हातात ठेवले. म्हटलं, "धाकटी येतेय मागून." तू मान हलवलीस. ती मान माझ्यासाठी हलवली की धरणवाल्यासाठी, ते मला तेव्हाही कळलं नाही. पावणेपाचची बस उभी होती. मी पळाले. रात्री ती घरी आली नाही, तेव्हा आईला आणि मला वाटलं, भांडली म्हणून मैत्रिणीकडे राहिली असेल.

मी खिळ्याला हात लावला नाही, आत्या.

मागच्या पत्रात हे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सगळे म्हणाले असते, स्वतः सुटायला म्हातारीवर ढकललं. आणि चौकी गेली तर तू दिवसभर काय करशील, मला सुचेना. तुलाही सुचणार नाही. पण मला वाटलं होतं, 'पुढचं तुला माहीतच आहे' एवढं वाचून तू समजशील. तू मसुदा केलास.

धाकटीला वाटतं, मी रागानं तिचा बिल्ला टांगला. मुद्दाम. ती तसं बोलली नाही, पण तीन टोल्यांचं आईला सांगून झाल्यावर तिनं दाराकडे बघितलं. मी तिला काय सांगू? 'मी लावला नाही' म्हटलं की ती विचारणार, 'मग कोणी?'

मी थांबले नाही, ती माझी चूक. ती मला रोज दिसते. पण जी माझी नाही तीही तूच माझ्या पदरात टाकणार असशील, तर टाक. मी ऑफिसात येऊन भांडणार नाही.

थोरली


बुधवार, १५ ऑक्टोबर

थोरले,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

मी बिल्ला हातात घेत नाही. अकरा वर्षांत एकदाही घेतलेला नाही. फळीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ज्याचा बिल्ला त्यानेच लावावा. तुझा बाप एकदा वहिनीचा बिल्ला घेऊन पुढे आला होता. गुडघा सुजलेला, घामानं निथळत होता. मी त्याला म्हटलं, "दादा, बिल्ल्याची मालकीण कुठाय?" तो म्हणाला, "येतेय गं, बाई आहेस का पोलीस?" मी त्याला साखळीपर्यंत परत पाठवला. तो वहिनीला घेऊन आला तेव्हाच चहा दिला. वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला तो. ज्या हातानं सख्ख्या भावाला परत पाठवलं, तो हात तुझ्यापुढे असा पसरेल?

त्या दिवशीचा पाण्याचा आकडा माझ्या वहीत आहे, ४:३४ ला घेतलेला. तू आलीस तेव्हा मी फोनवर असेन, ते मान्य. पण फोन आतल्या टेबलावर आहे आणि फळी दाराजवळ. तू आत डोकावलीस, बिल्ले लावलेस आणि बस पकडलीस. धावपळीत माणसाला एखादी गोष्ट केल्यासारखी वाटते, एखादी न केल्यासारखी. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. तुला नीट आठवत नाही, असं म्हणते.

मसुदा आहे तसाच राहील.

आत्या


सोमवार, २० ऑक्टोबर

थोरले,

तुझं उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं.

काल रविवार होता, गर्दी तेवीस. टपरीवाला दर रविवारी दुपारी कचरा वेचायला खाली जातो, तुला माहीत आहे, चाळीस नंबर त्याचा ठरलेला. साडेचारला धरणवाल्याचा फोन आला. आकडा लिहिला, दोनदा विचारून खात्री केली, फोन ठेवला. टपरीवाल्यानं चहाचा पेला टेबलावर ठेवला होता. मी तो घेऊन दाराशी आले. अर्धा चहा झाला असेल. समोर चाळीस नंबरचा बिल्ला खिळ्यावर हलत होता. नुकताच लावल्यासारखा.

मी विचारलं, "हा कधी लावलास?"

"मी कुठे? तुम्हीच लावलात की आत्ता."

"मी?"

"बाई, थट्टा करताय होय? फोन कानाला आणि हात पुढे. मी ठेवला, तुम्ही तीन पावलं टाकून टांगलात. दोरी लांब आहे फोनची, पोचते."

मी म्हटलं, "मी कोणाचा बिल्ला हातात घेत नाही."

तो हसायला लागला. मग माझ्याकडे बघून थांबला. म्हणाला, "परक्यांचा नाही घेत. आमचा घेता. साडेचारला आलं की आम्ही खूश असतो, ओरडा बसत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी. लाकूडवाला. वनखात्याचे दोघं. ओळखीच्या माणसाचा आवाज आला की तुमचा हात आपोआप येतो. खरं सांगू? एकदा लाकूडवाल्यानं गंमत म्हणून किल्ली ठेवली हातात. तीही टांगलीत तुम्ही. सत्तावीसच्या खिळ्याला."

"मला कोणी बोललं का नाही?"

"तुम्हाला?" तो म्हणाला. "बोलणार कोण?"

किती वर्षं चाललंय, ते मी विचारलं. फोन बाहेरच्या भिंतीवरून आत आणल्यापासून, म्हणाला. म्हणजे सहा वर्षं.

त्यानंतरही मी लगेच मानलं नाही. हे तुला सांगायलाच हवं. त्याला घालवून मी रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि दारापर्यंत चालून बघितलं. दोरी पोचते. सतरा, अठरा, दोन्ही खिळ्यांपर्यंत. डावा हात वर केला तर खिळा बघावासुद्धा लागत नाही. बोटांना माहीत आहे.

तुझा आवाज मी ऐकला असणार. घरचा आवाज म्हणून हात पुढे गेला असणार. तू काय म्हणालीस ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, कारण मी आकडा ऐकत होते. मान कोणासाठी हलवली, ते मलाही आठवत नाही. दादाला परत पाठवल्याचं मात्र अक्षर न् अक्षर आठवतं. अशाच गोष्टी आठवतात आपल्याला.

मागच्या पत्रात 'तुला नीट आठवत नाही' असं मी लिहिलं. खोटारडी म्हणण्याचाच तो सभ्य प्रकार होता. तो मागे घेते. माफी मागते. हा शब्द मी फार वापरलेला नाही, त्यामुळे नीट बसला नसेल तर चालवून घे.

आधीचा मसुदा फाडला. नवा खुलासा तीन पानांचा आहे, नक्कल सोबत. त्यात लिहिलंय की दोन्ही बिल्ले चौकीदारानं हातात घेतले, चौकीदारानं लावले, आणि ही चौकीदाराची सहा वर्षांची सवय होती. तुझ्याबद्दल एकच वाक्य आहे: तिनं बहीण मागून येत असल्याचं सांगितलं होतं. सोबत राजीनामा जोडला आहे. ऑफिसनं मागितलेला नाही. मी मागितला.

तू थांबली नाहीस, ही चूक मात्र तुझी. ती तुझ्याकडेच राहू दे. ती मी घेणार नाही, आणि घेतली तर तुला आवडणारही नाही.

धाकटीला वेगळं पत्र पाठवलं आहे. यातलंच सगळं, याच शब्दांत. चौथा टोला मी द्यायला हवा होता, तुझी बहीण नव्हे, एवढं त्यात जास्त आहे.

आत्या


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आत्या,

झोपून लिहितेय, अक्षराला हसू नकोस. तुझं पत्र बुधवारी आलं. मी ते उघडलं नाही. ताई आली तेव्हा तिच्याकडे फेकलं आणि म्हटलं, "वाच, मोठ्यानं." सव्वीस दिवसांनी मी तिच्याशी बोलले ते हे. तिचं पत्र तिला अजून मिळालं नव्हतं. तिला वाटलं तू मला झापलंयस, म्हणून ती घाईघाईनं वाचायला लागली. 'फोनवर असताना मी हात पुढे केला' इथे अडकली. पुढचं वाचेना. मग मी तिच्या हातून घेऊन स्वतः वाचलं. आई मधे म्हणत होती, "काय लिहिलंय गं, काय लिहिलंय?" दोघींपैकी कोणीच सांगेना, तेव्हा तिनं चष्मा शोधायला घेतला. चष्मा कपाळावर होता.

पडले कशी, ते तू विचारलं नाहीस, पण लिहिते, कारण ते फक्त माझं आहे. ताई गेल्यावर मी धबधब्यामागे गेले आणि वरच्या खडकावरून उडी मारायला चढले. ती वळून बघेल असं वाटत होतं. तिनं बघितलं नाही. खडक ओला होता. पोरांना मी रोज ओरडते, "ओल्या कडेवर पळायचं नाही," आणि स्वतः काय केलं?

आता राजीनाम्याचं. 'देऊ नकोस आत्या' असं म्हणायला हवं, कळतं मला. आईनं सांगितलंय तसं लिही म्हणून. नाही लिहिणार. मी तिथे पडून टोले मोजले आहेत. तू नीट वाजवलेस, तीनही सारखे, मधे सारखंच अंतर. अजून कुठे भांडं पडलं तरी मी पुढच्या आवाजाची वाट बघते. तू वाईट नाहीस. पण फळीपाशी मला दुसरं कोणीतरी हवं आहे. हे वाचून तुला राग येणार नाही असं वाटतं. आला तर येऊ दे.

ताईला मी 'सॉरी' म्हटलेलं नाही, तिनंही नाही. काल तिनं पेला पुढे केला. मी पिऊन तिच्या हातात दिला. मग ती म्हणाली, "मला दुसरंही काही जमतं." मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "बघू." दोन तास झाले तरी सांगेना. शेवटी मी म्हटलं, "डोंबलाचं जमतं तुला." तेव्हा हसली.

धाकटी


मंगळवार, २८ ऑक्टोबर

ती. आत्या,

खुलाशाची नक्कल वाचली. माझ्याबद्दलचं वाक्य आहे तसंच राहू दे.

शनिवारी तू चौकी सोडणार, हे आईकडून कळलं. मी येते आहे. तुला सोबत म्हणून नाही. मला खाली जायचं आहे, एकटीला. सातव्या वळणावरून परत फिरायला हवं होतं, तिथून पुढे डोहापर्यंत जाऊन यायचं आहे. पाण्यातही उतरेन. मला गळ्यापर्यंतच्या पाण्यातच जमतं, हे धाकटी जगभर सांगते. गळ्यापर्यंत उतरेन.

तिला सांगितलं. वाटलं, काहीतरी टोमणा मारेल. म्हणाली, "डाव्या काठानं उतर. उजवीकडे एकदम खोल आहे. आणि दोनच्या आत पोच, ऊन जातं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि कोणासाठी थांबू नकोस, पण वर ये." तिची समुद्रावरची नोकरी त्या लोकांनी मार्चपर्यंत राखून ठेवली आहे. जाईलच ती. मी 'आणि आई?' असं विचारलं नाही. आईलाच विचारलं. आई म्हणाली, "मी काय सामान आहे का, इथे ठेवू की तिथे ठेवू? मला विचारलंत का कधी?" खरंच विचारलं नव्हतं.

पहिल्या बसनं येते.

थोरली


सुपूर्तनामा

शनिवार, १ नोव्हेंबर. घळीची चौकी.

खालील वस्तू मी आज नवीन चौकीदारांच्या स्वाधीन केल्या. प्रत्येक वस्तू दोघांनी मिळून मोजली.

लाकडी फळी, एक. चाळीस खिळे. पैकी एकतीसचा ढिला आहे, ठोकून घ्यावा.

पितळी बिल्ले, एकोणचाळीस. क्रमांक अठरा चौकशीसाठी ऑफिसकडे आहे, पावती जोडली आहे.

नोंदवह्या, अकरा. चालू वही बारावी, पान साठपर्यंत भरलेली.

घंटा, दोरीसह. दोरी मागच्या वर्षी बदलली.

स्ट्रेचर दोन, प्रथमोपचाराची पेटी एक. पेटीतली यादी झाकणाच्या आत चिकटवली आहे. बँडेज संपत आलं आहे, मागणी केली आहे.

फोन, एक. दोरी आज कापून आखूड केली. आता टेबलाच्या पुढे पोचत नाही. ऑफिसची परवानगी नंतर घेईन.

किल्ल्या, चार.

तोंडी सांगितलं: साखळीचा टप्पा, पाणी सुटण्याच्या वेळा, घंटेची पद्धत. साडेचारच्या फोनच्या वेळी ओळखीचा माणूस दारात आला तर फोन ठेवावा, उठावं, त्याच्याकडे बघावं. आकडा दोन मिनिटांनी पुन्हा विचारता येतो.

सही तीन वाजता करायची ठरली होती. त्या वेळी घळीत एक व्यक्ती होती, बिल्ला क्रमांक सात. नवीन चौकीदार म्हणाले, आता जबाबदारी माझी, तुम्ही सही करून निघा. मी नाही म्हटलं. दोघं दारात उभे राहिलो.

४:५२ ला ती वर आली. केस ओले होते. मी हात मागे बांधले होते. बिल्ला तिनं लावला.

त्यानंतर सही केली.